पाच वर्षांचं भांडण आणि गळकी गच्ची

कॉलेजप्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण पेटतं. महाराष्ट्रातल्या आर्किटेक्चर कॉलेजांत यंदाही जागा रिकाम्या. एक जण म्हणतो, बी.आर्क. पाच वर्षांचं ठेवलंय ना, मग दुसरं काय होणार. चारचं करा, मुलं येतील. दुसरी म्हणते, वर्षांचं सोडा, पगार बघा. कॉलेजची सगळी वर्षं रात्री जागून शीट्स काढायच्या आणि कमवायचं इंजिनिअर भावाच्या निम्म्याने. मग कुणीतरी मला टॅग करतं: "तू सांग, तिकडे कसं असतं?"

तिकडे म्हणजे नेदरलँड्समध्ये. पुण्यात बी.आर्क. करून मी डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठात आले. तिथल्या मास्टर्सच्या पाच वाटा आहेत: आर्किटेक्चर, अर्बनिझम, लँडस्केप, बांधकाम-व्यवस्थापन आणि बिल्डिंग टेक्नॉलॉजी. मी शेवटची धरली. आता रॉटरडॅममध्ये इमारतींच्या बाहेरच्या भिंतींचे डिटेल काढते, म्हणजे खिडकी भिंतीला कशी भेटते आणि भिंत गच्चीला कशी भेटते ते. ग्रुपवर उत्तर द्यायला घेतलं की ते कधीच मेसेजमध्ये मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी वर्षांचा हिशोब. इथे तीन वर्षांचं बॅचलर्स, दोनचं मास्टर्स आणि २०१५ पासून त्यावर दोन वर्षांचा कामाचा अनुभव. झाली सात. मग रजिस्टरमध्ये नाव लागतं आणि स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. घराचं डिझाइन मात्र कुणीही करू शकतो. कायद्याचं संरक्षण आहे ते बिरुदाला, कामाला नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टचा अर्थ लावला तोही जवळपास हाच, आणि तेव्हा ग्रुपवर 'आता आपल्याला कोण विचारणार' म्हणून सुतक पडलं होतं. इथले लोक त्याच नियमाखाली कामं मिळवतात. कुरकुर त्यांचीही असतेच. अखेरचा शब्द डेव्हलपरचा आणि कंत्राटदाराचा, आणि अख्ख्या विटेच्या जागी प्रीकास्ट, म्हणजे कारखान्यात आधीच ओतलेल्या, पॅनेलवर चिकटवलेल्या विटेच्या पातळ चकत्या. तेव्हा कोर्स चारचा असावा की पाचचा, यावर घसा कोरडा करण्यात मला फारसा रस नाही. त्या पाच वर्षांत बांधकामाला कुठे बसवलंय, याची मला जास्त काळजी आहे.

आपल्याकडे बांधकाम वेगळ्या वर्गात बसतं. सोमवारी डिझाइनचा स्टुडिओ, गुरुवारी बिल्डिंग कन्स्ट्रक्शन. दोघांचे मास्तर वेगळे, मार्क वेगळे, आणि एकमेकांशी बोलणं नाही. कन्स्ट्रक्शनच्या शीट्स सीनियरच्या फोलिओवरून उतरवायच्या ही तर परंपराच. छपराचा लाकडी किंग पोस्ट ट्रस आम्ही शाईने काढला, विटा रचायच्या पद्धतींतला इंग्लिश बॉण्ड काढला, फ्लेमिश बॉण्ड काढला. फ्लेमिश बॉण्डची गंमत ही की ज्या सखल प्रदेशाचं नाव त्याला मिळालं, त्याच्या शेजारच्या या देशातल्या नव्या घरांत तो सहसा लागतच नाही, कारण त्यात काही विटा भिंतीच्या जाडीत आडव्या घालाव्या लागतात आणि इथली बाहेरची भिंत अर्ध्याच विटेच्या जाडीची असते. डिझाइनच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, मात्र चर्चा 'कन्सेप्ट'ची. कुणी कमळ उलगडतं, कुणी नदीचा प्रवाह गोठवतं. गच्चीवरचं पाणी कुठे जाणार, असं माझ्या एकाही ज्युरीत कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

डेल्फ्टला ज्युरीच्या भिंतीवर एकास-शंभरच्या प्लॅनशेजारी एकास-पाचचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून खऱ्याच्या एक पंचमांश मापात काढलेलं चित्र, लावावाच लागतो, आणि बोलणं त्यावरच जास्त होतं. आमचे एक शिक्षक पेन्सिलचं टोक भिंतीच्या बाहेरच्या अंगावर ठेवून म्हणायचे, मी पाऊस आहे, आता मला खाली ने. आपण बोटाने वाट दाखवायची. डच भिंत अशी असते: बाहेर साधारण दहा सेंटिमीटरची वीट, मग तीन-चार सेंटिमीटरची मोकळी हवा, मग जाड इन्सुलेशन, आणि आत वजन पेलणारी खरी भिंत. बाहेरची वीट म्हणजे घराला चढवलेला रेनकोट. वीट पाणी पिणार आणि थोडं आत येणार, हे डिझाइन करतानाच गृहीत धरलेलं असतं. आत आलेलं पाणी त्या पोकळीतून खाली उतरतं, खिडकीच्या वर घातलेल्या वाकवलेल्या पत्र्यावर अडतं आणि विटांमधल्या मुद्दाम मसाला न भरलेल्या उभ्या सांध्यांतून बाहेर पडतं. या गावांत फिरताना खिडकीच्या वरच्या ओळीत काळ्या उभ्या फटी दिसतील. नवखा माणूस म्हणेल, गवंडी विसरला. त्या फटी कुठे ठेवायच्या हे आर्किटेक्टने ड्रॉइंगवर दाखवलेलं असतं.

नेदरलँड्समध्ये वर्षाला पाऊस पडतो साधारण ८५० मिलिमीटर. मुंबईत चार महिन्यांत त्याच्या अडीचपट पडतो आणि कोकणात त्याहूनही जास्त. तरी आपली सगळी भिस्त पाणी आत येणारच नाही या गृहीतकावर: गिलावा, वर वॉटरप्रूफ रंग, गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा आणि कठड्याच्या कडेने वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलवा. वाट्याला तडा गेला की खालच्या फ्लॅटच्या छताला ओल. मग सोसायटीची मीटिंग, वरच्याने करायचं की सोसायटीने यावर दोन तास, केमिकलवाल्याचं कोटेशन, आणि शेवटी गच्चीवर पत्र्याची शेड. पुण्या-मुंबईच्या इमारतींवरच्या निळ्या पत्र्यांकडे मी आता आमच्या शिक्षणाची गुणपत्रिका म्हणून बघते. आणि हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात. पाऊस झापांवर थांबतो, मध्ये हवा खेळते, आतली मातीची भिंत कोरडी राहते. डेल्फ्टमध्ये 'रेनस्क्रीन' म्हणून शिकवलं गेलं ते तत्त्व हेच. आमच्या कॉलेजात झापं आली ती 'व्हर्नॅक्युलर स्टडी टूर'च्या जलरंगातल्या स्केचमध्ये. ती अडवतात काय आणि कशी, हे कुणी सेक्शन कापून पाहिलं नाही.

दुसरा फरक मला जास्त बोचतो. २७ मे २०१७ च्या संध्याकाळी आइंटहोवनच्या विमानतळावर बांधकाम चालू असलेल्या पार्किंगच्या इमारतीचा एक भाग कोसळला. शनिवार होता, साइटवर कुणी नव्हतं, कुणाला इजा झाली नाही. मजले होते पातळ प्रीकास्ट फळ्यांचे. त्यावर वजन कमी करायला प्लॅस्टिकचे पोकळ गोळे आणि वरून साइटवर ओतलेलं काँक्रीट. तपासात निघालं ते असं. फळ्या नव्वद अंशांनी फिरवून टाकल्या होत्या, त्यामुळे त्यांचे सांधे नेमके जास्त ताण येणाऱ्या जागी आले. सांध्यावर फळीतल्या खालच्या सळया संपतात, म्हणजे ताण वरच्या जोडसळयांत जायला हवा, आणि त्यासाठी फळी व वरचं काँक्रीट एकजीव हवं. फळीचा पृष्ठभाग होता गुळगुळीत. पकड बसली नाही. त्या गरम दिवशी वरचा मजला तापून ताण आणखी वाढला. त्यानंतर देशभरात तशाच मजल्यांच्या इमारती तपासल्या गेल्या आणि वापरात असलेल्या काही तर बंद ठेवाव्या लागल्या. अहवाल सगळ्यांना वाचायला खुले होते. आम्ही ते वर्गात ड्रॉइंगसकट वाचले. त्यावर दीड तास वाद झाला की फळीची दिशा ठरवणं हे आर्किटेक्टचं काम, स्ट्रक्चरवाल्याचं की कारखान्याचं.

महाडची तारीक गार्डन ही पाच मजली इमारत ऑगस्ट २०२० मध्ये पडली आणि १६ माणसं गेली. तेव्हा मराठी चॅनेलांवर आठवडाभर सगळं होतं: बिल्डर फरार, गुन्हे, अटक, नगरपालिकेने परवानगी दिलीच कशी. मालवणला राजकोटवरचा शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पडला, तेव्हाही माफी कुणी मागायची यावर राजकारण तापलं. नट-बोल्ट गंजल्याचं बोललं गेलं, पण तो गंज समुद्राकाठी कुठल्या सांध्यात कसा साचतो, हे काढून दाखवायला स्टुडिओत कुणी तो सेक्शन भिंतीवर लावत नाही. दोषी शोधणं पोलिसांचं काम आहे, त्यांनी करावं. पण पडलेली इमारत आपल्याकडे बातमी होते, खटला होते, अभ्यासाचा धडा होत नाही. पाच वर्षांतला एक महिना यासाठी काढायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं नवं परिपत्रकही लागत नाही. एका मास्तराने ठरवलं तरी पुरे.

आता ग्रुपवरच्या 'परदेशात जा' पार्टीला. इथलं शिक्षण इथल्या हवेसाठी आहे, आणि ते घरी नेऊन जसंच्या तसं चालत नाही. इथले आकडे उब आत कोंडण्याचे आहेत. नव्या घराच्या भिंतीला, छपराला, जमिनीला उष्णता किती अडवली पाहिजे हे नियमात लिहिलेलं. त्या नादात उन्हाळा राहिला. जुलै २०१९ मध्ये या देशात पारा पहिल्यांदा चाळिशीपार गेला, आणि नव्या, घट्ट बंद घरांत लोक शिजले. २०२१ पासून नव्या घरांना जुलैतल्या अतितापाची मर्यादा तपासावी लागते. आणि आमच्या ऑफिसात डच सहकारी खिडकीवर बाहेरून सावली कशी द्यायची याचे मोठे तक्ते करत बसतात. मला तिथे छज्जा दिसतो. चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईतल्या कांचनजंगा इमारतीचा (१९८३) सेक्शन मी एकदा त्यांच्यासमोर ठेवला: दोन मजली उंच, आत खेचलेले व्हरांडे, ऊनही अडवतात आणि पावसाची झडही. सगळे बराच वेळ बघत होते. त्यात कन्सेप्ट कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

उलट इथून परत गेलेली आमचीच काही मंडळी हिंजवडीला काचेचा डबा काढतात आणि सॉफ्टवेअरमध्ये डच भिंतीची जाडी तशीच ठेवतात. भारताच्या इको-निवास संहितेने (२०१८) निवासी इमारतींच्या छप्पर सोडून बाकीच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली आहे, थंड प्रदेश सोडून. तो आपल्या हवेचा आकडा आहे. आपल्या ज्युरीत तो कुणी मागत नाही.

पैशाचंही बोलते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला डेल्फ्टची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. इंटर्नला इथेही चार-पाचशे युरोच हातावर ठेवतात, तेवढ्यात डेल्फ्टमध्ये खोलीसुद्धा मिळत नाही. पुण्यातल्या ऑफिसांना फुकट राबवल्याबद्दल शिव्या जरूर द्याव्यात, पण इथे आल्यावर ते संपतं अशी समजूत नको.

माझी भाची यंदा चौथ्या वर्षाला गेली. तिचा फोन होता: "मावशी, बी.आर्क. झालं की लगेच अप्लाय करू का?" तिला म्हटलं, लगेच नको, आधी दोन पावसाळे साइटवर काढ. ऑफिसात थ्रीडी व्ह्यू करत बसू नकोस, स्लॅब भरताना आणि कोबा टाकताना उभी राहा. मिस्त्रीला वाट्याचा उतार विचार, त्याच्याकडून ओळंबा धरायला शीक. थिसिसला हवं तर म्युझियमच घे, पण त्याच्या गच्चीचा एकास-पाचचा सेक्शन काढ आणि ज्युरीच्या दिवशी प्लॅनच्या आधी तो भिंतीवर लाव. ती म्हणाली, मार्क जातील. म्हटलं, थोडे जातील.