ग्रिंडलेजवाला कॅप्टन

आमच्या चाळीत एक काका ग्रिंडलेज बँकेत होते. बाकीच्यांच्या घरी स्थळ आलं की "मुलगा बँकेत आहे" म्हणायचे, यांच्या घरचे मात्र "ग्रिंडलेजमध्ये आहे" एवढंच. आता हा ग्रिंडले कोण बाबा, हा प्रश्न मला पडला चाळिशी उलटल्यावर, आणि शोधलं तर निघाला कोण, आपल्याच मुंबईला आलेला एक कॅप्टन!

रॉबर्ट मेल्विल ग्रिंडले. १८०३ ला सतरा वर्षांचं पोरगं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती व्हायला इकडे आलं आणि १८२० पर्यंत नोकरी केली. चित्रकला कुठे शिकलेला नाही, पण वेरूळ, दौलताबाद, मुंबई बंदर, जाईल तिथे स्केचबुक. पुढे १८२६ ते १८३० मध्ये लंडनला ३६ रंगीत चित्रांचा संग्रह काढला (काही दुसऱ्यांच्या स्केचवरून). त्यात मुंबई बंदरावर चालून येणारा पावसाळा आहे. जूनमधलं ते काळं आभाळ आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण मला खरा भारी वाटतो तो त्याचा धंदा. १८२८ ला लंडनमध्ये लेस्ली अँड ग्रिंडले नावाची एजन्सी काढली, तीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली. सुरुवातीला काम काय तर हिंदुस्थानात जाणाऱ्या-येणाऱ्या साहेबलोकांची उस्तवार, म्हणजे बोटीचं बुकिंग, सामानाच्या पेट्या, पैशांची देवघेव. तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनोन्महिने लागायचे. लोक म्हणतात फौजी माणूस, शिस्त असते, म्हणून धंदा चालतो. मला नाही पटत, शिस्तीचे कितीतरी फौजी दुकान काढून बुडालेत. याला गिऱ्हाईक कुठे अडतं ते माहीत होतं कारण हा स्वतः तिथेच अडलेला, बस्स. १८३७ ला तर हिंदुस्थानला वाफेच्या बोटी हव्यात म्हणून पुस्तिकाच लिहिली. देशहित वगैरे ठीक आहे हो, पण बोटी वाढल्या की गिऱ्हाईकं कुणाची वाढणार?

एक मात्र टोचतं. या ऑफिसरांच्या पेन्शनी, रजेचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातूनच जायचे, म्हणजे सारा भरणार इथला कुणबी आणि त्या पैशाची उलाढाल होणार लंडनमधल्या अशा एजंटांकडे. कॅप्टनचं कौतुक करताना माझी जीभ इथे जरा अडखळते.

१९८४ ला बँक ऑस्ट्रेलियाच्या एएनझेड बँकेने घेतली, २००० ला स्टँडर्ड चार्टर्डने, नाव गेलं. काकांच्या दारावरच्या पाटीवर, नावाखाली, "ग्रिंडलेज बँक" अजून आहे. मध्यंतरी दार रंगवलं तेव्हा पाटी काढून, पुसून परत लावली.