चौकटीतले शेजारी

गणपतीला तीन आठवडे राहिले होते. उत्सव समितीची यादी मी दर वर्षीसारखी टाइप करून चेअरमनना दाखवली. एक ते अकरा, पुढे नाव, फ्लॅट नंबर, काम. त्यांनी ती चष्म्यावरून पाहिली. "अहो सेक्रेटरी, यादी कोण वाचतंय? आमच्या जावयाच्या ऑफिसात सगळं चौकटी-बाणांत असतं. तसं काहीतरी करा की."

वर्डमध्ये अशा चौकटी-बाणांच्या तयार आकृत्यांची स्मार्टआर्ट नावाची सोय २००७ पासून आहे, हे मला त्या रात्री कळलं. मी यादी सिलेक्ट केली, राइट क्लिक केलं आणि यादीची आकृती करून देणारं बटण शोधू लागलो. अर्धा तास शोधलं. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, ते बटण पॉवरपॉइंटमध्ये. वर्डमध्ये आधी इन्सर्टमधून आकृती घ्यायची, मग यादी कट करून तिच्या बाजूच्या टेक्स्ट पेनमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या खिडकीत, पेस्ट करायची." एवढं बोलून ती झोपायला गेली.

आधी सायकल नावाची गोल फिरणारी आकृती घेऊन पाहिली. वर्गणीतून बाण मूर्तीकडे, मूर्तीतून सजावटीकडे, तिथून महाप्रसाद, हिशेब, आणि हिशेबातून गोल फिरून पुन्हा वर्गणीकडे. चित्र खरं होतं, म्हणूनच नोटीस बोर्डावर लावण्यासारखं नव्हतं. मग मॅट्रिक्स. तिच्यात चारच घरं. पाचवे, म्हणजे साउंडवाले काका, टेक्स्ट पेनमध्ये लाल फुलीसकट बसून राहिले आणि आकृतीत काही केल्या येईनात. चाळीस बिऱ्हाडांना जे दहा वर्षांत जमलं नाही, ते वर्डने एका क्लिकमध्ये केलं. मोह झाला, पण काका आमच्याच मजल्यावर राहतात.

राहिला ऑर्गनायझेशन चार्ट, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली हे दाखवणारी आकृती. इथे टॅब दाबला की माणूस एक पायरी खाली जातो, शिफ्ट धरून दाबला की वर. मला नोकरीत पहिलं प्रमोशन मिळायला चौदा वर्षं लागली होती. इथे मी खजिनदारांना मिनिटाला दोनदा चढवत-उतरवत होतो. पण बसवायचं कुठे? यादीत अकराही जण गुण्यागोविंदाने नांदत होते. तिथे सातवा सहाव्याच्या खाली असतो तो फक्त कागदावर. आकृतीत मधे एक रेघ येते आणि सातवा सहाव्याच्या हाताखाली जातो. ए विंगच्या सजावटवाल्या काकू बी विंगच्या काकांच्या हाताखाली! मी घाईघाईने शिफ्ट-टॅब दाबला, तर काकू थेट चेअरमनच्या शेजारी जाऊन बसल्या. चेअरमनच्या मिसेस हे बघतील या विचारानेच मला घाम फुटला.

त्यात प्रसादवाल्या काकूंना आपलं पद पूर्ण हवं होतं: 'महाप्रसाद, पंगत, पत्रावळी व उरलेल्या अन्नाचे योग्य वाटप'. ते टाइप करता करता त्यांचीच नव्हे, सगळ्यांचीच अक्षरं बारीक होत गेली. एकीच्या पदाला जागा व्हावी म्हणून दहा जण आक्रसले. (हे सोसायटीच्या मीटिंगमध्येही होतं, फक्त तिथे ते दिसत नाही.)

रात्री दीड वाजता सगळे एका ओळीत आणले, रंग निळा ठेवला, प्रिंट काढली आणि सकाळी बोर्डावर लावली.

दहा वाजता बी विंगचे काका दारात. "सेक्रेटरी, चेअरमनच्या खाली आणि आमच्या सगळ्यांच्या वर जी रिकामी चौकट आहे, ती कोणासाठी राखलीय?"

मी धावत खाली गेलो. ऑर्गनायझेशन चार्टमध्ये असिस्टंटची एक चौकट आयतीच येते. स्क्रीनवर तिच्यात 'टेक्स्ट' असं लिहिलेलं असतं, छापताना ते शब्द गळतात आणि चौकट तेवढी उरते. दुपारपर्यंत तिघे जण त्या पदाबद्दल विचारून गेले. चौथ्याने आपला बायोडेटाच आणला.

संध्याकाळी पुन्हा बोर्डापाशी गेलो, तर त्या चौकटीत कोणीतरी बॉलपेनने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'वॉचमन'.

त्यावर मात्र अजून कोणाचीही हरकत आलेली नाही.