एका केसाची केस

गेल्या आठवड्यात मी परदेशातल्या एका विमानतळाच्या कस्टमच्या ताब्यातून आजीची फणी सोडवून आणली. 'सोडवून आणणे' हे क्रियापद एरवी आपण पोलीस चौकीत जाऊन बसलेल्या भाच्यासाठी वापरतो. पण 9 दिवस, 4 खेपा आणि 3 अर्ज एवढे झाल्यावर फणी आणि भाचा यांच्यात फारसा फरक उरत नाही. उलट भाच्याला निदान स्वतःची बाजू मांडता येते.

घडले ते थोडक्यात असे. ज्यांच्याजवळ जाहीर करण्याजोगे काहीच नाही अशा निष्पापांसाठी राखलेल्या हिरव्या मार्गाने मी बाहेर पडत होतो. तेवढ्यात बॅग उघडली गेली, तिच्यातून रेघारेघांची पिवळसर पांढरी फणी निघाली, हस्तिदंताचा संशय व्यक्त झाला आणि फणीऐवजी माझ्या हातात एक पावती आली. त्या पावतीवर 'जप्त' असे लिहिलेले नसून 'रोखून ठेवलेली' असे लिहिले आहे, आणि या दोहोंत फार मोठा फरक असतो, असे मला अभिनंदनाच्या सुरात सांगण्यात आले.

ती फणी प्रवासात मी का बाळगतो, हे सांगणे जरा अवघड आहे. आजीच्या अंगठ्याने तिची एक कड घासून गुळगुळीत झाली आहे. जाड दातांच्या बाजूला, दुसऱ्या आणि तिसऱ्या दाताच्या बुडाशी तिचा एक पांढरा केस गुंडाळलेला होता. तो मी कधी काढला नाही. यापलीकडे त्या वस्तूला काही किंमत नाही, आणि नेमका किंमतीचाच रकाना अर्जात पहिला होता.

खिडकीपलीकडचे कारकून अत्यंत सभ्य होते. उद्धट माणसाशी भांडता तरी येते, सभ्य माणसापुढे नुसते झिजावे लागते. त्यांनी फणी पारदर्शक पिशवीतून काढली, हातमोजे चढवले आणि वर्णनाच्या रकान्यासाठी तिचे दात मोजायला घेतले. जाड बाजूला 22 भरले. बारीक बाजूला 40 च्या पुढे कुठेतरी त्यांचा मेळ चुकला आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी सुस्कारा टाकला आणि हातातली फाइल या बगलेतून त्या बगलेत घेतली.

"जाड बाजूचे 3 दात नाहीत," कारकून म्हणाले.

"फार पूर्वीच तुटले आहेत."

"ते सध्या कुठे आहेत?"

मी म्हणालो, मला कल्पना नाही. त्यांनी लेखणी थांबवली. "म्हणजे ते याआधी स्वतंत्रपणे या देशात आलेले नाहीत, असे आपण खात्रीने सांगू शकता का?"

मी खात्रीने सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले.

"आता हत्तीविषयी. आशियाई की आफ्रिकी?"

हा प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस करारात आशियाई हत्ती आला तो 1975 साली, आणि आफ्रिकी हत्ती पहिल्यांदा आला तो 1976 साली. त्यामुळे वस्तू कराराच्या आधीची आहे हे कागदोपत्री सिद्ध करायचे, तर कोणत्या सालाच्या आधीची, ते ठरवण्यासाठी आधी हत्ती ठरवावा लागतो. आजीने फणी घेतल्याची पावती असल्यास उत्तम.

"हत्ती प्लॅस्टिकचा आहे," मी म्हणालो.

हे वाक्य बोलायला मी अधिक चांगला मुहूर्त शोधायला हवा होता.

वस्तुस्थिती अशी, की फणी सेल्युलॉइडची आहे, आणि त्या पदार्थाचा जन्मच मुळी हस्तिदंताची नक्कल करण्यासाठी झाला. बिलियर्डचे चेंडू तेव्हा हस्तिदंताचे असत आणि त्यापायी हत्ती मारले जात. पर्याय शोधता शोधता जॉन वेस्ली हायट यांनी नायट्रोसेल्युलोज आणि कापूर एकत्र करून सेल्युलॉइड बनवले आणि 1870 साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या फण्या निघाल्या आणि त्यांवर हुबेहूब दिसाव्यात म्हणून रेघाही उमटवल्या गेल्या. म्हणजे ज्या वस्तूने हत्तीचा जीव वाचवायचा, तिलाच हत्तीच्या खुनाच्या संशयावरून अटक झाली होती. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात रेघा एकमेकींना छेदून जाळी करतात. या फणीवरच्या रेघा मात्र शाळेच्या वहीसारख्या समांतर धावतात. हे मी काचेवर बोटाने रेघा ओढून दाखवले. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे लहानपणी ऐकले होते, पण ते असे खिडकीत उभे राहून सिद्ध करावे लागेल असे वाटले नव्हते.

आणि मग अंगी मुरलेली जास्त बोलण्याची खोड नडली. तापलेली सुई टोचून बघू, असे आतून कोणीतरी सुचवताच मी घाईघाईने ओरडलो, की नको, सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

"ज्वालाग्राही?" कारकुनांनी नवा अर्ज पुढे ओढला.

त्या नव्या अर्जात 'वापराचा हेतू' असा रकाना होता. मी 'वैयक्तिक' असे लिहिले. त्यांनी ते वाचले आणि मान वर करून माझ्या डोक्याकडे पाहिले. माझ्या डोक्यावर गेली 15 वर्षे एकही केस नाही. मागच्या गृहस्थांनीही एक पाऊल बाजूला होऊन पाहिले. कोणी काही बोलले नाही.

कायद्याविरुद्ध माझी तक्रार नाही. हस्तिदंताची चोरटी वाहतूक खरोखर होते आणि ती अशाच खिडक्यांवर पकडली जायला हवी. पण हा तपास जितके दिवस त्यांनी लांबवला, तितक्या दिवसांचे फणीचे साठवणभाडे मीच भरायचे, त्यात त्यांच्या कार्यालयाला सुटी असलेले 2 दिवसही धरायचे, आणि निष्पाप ठरल्यावरही त्यातला छदाम परत मिळायचा नाही, हे मला अजून पचलेले नाही. कैद्याकडून कोठडीचे भाडे घेणारा तुरुंग मी तरी पाहिलेला नाही.

नवव्या दिवशी फणी मिळाली. तज्ज्ञांचा अहवाल एका ओळीचा होता: गरम पाण्यात धरली असता कापराचा वास आला, सबब हस्तिदंत नव्हे. कारकुनांनी माझ्यासमोर पुन्हा दात मोजले. जाड बाजूचे 22, बारीक बाजूचे 58, सगळे जागच्या जागी. 'वस्तू मूळ स्थितीत मिळाली' या ओळीखाली माझी सही घेतली, आणि मगच पिशवी खिडकीतून सरकवली.

फणी लखलखीत झाली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाताच्या मधली फट पार मोकळी दिसत होती. गरम पाण्याबरोबर आजीचा केस कुठल्या तरी मोरीत गेला होता.

मी परत रांगेत उभा राहिलो. कारकुनांनी तितक्याच सभ्यपणे तक्रारीचा अर्ज दिला. 'गहाळ वस्तूचे वर्णन' या रकान्यात मी लिहिले: केस, पांढरा, नग 1. त्यांनी ते वाचले, चष्मा सारखा केला, आणि पुन्हा एकदा माझ्या डोक्याकडे पाहिले.