ओळंबा, थापी आणि तुमचा आक्षेप

सप्रेम जय ख्रिस्त.

ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं गवंड्याचं दोरी-वजनाचं साधन, त्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा इथे देतो: ‘आज ओळंब्यात देव दिसला, उद्या थापीत दिसेल, परवा घमेल्यात. कशातूनही काहीही काढता येतं. येशूने दाखले दिले, कारण तो प्रभू होता. आपण वचन सांगावं, वस्तूंना बोलतं करत बसू नये. असल्या गोडगोड लेखांनी वचन पातळ होतं.’

घमेल्याशी हसलो, हे कबूल. पण तुमचा टोला नवा नाही, आणि तुमच्या आधी तो ज्याने मारला तो, ‘गलिव्हर’ लिहिणारा जोनाथन स्विफ्ट, स्वतः धर्मगुरू होता. रॉबर्ट बॉइल, म्हणजे शाळेत ज्याचा वायूचा नियम पाठ करावा लागतो तोच, मोठा भाविक माणूस. रोजच्या बारीकसारीक प्रसंगांवरची त्याची धार्मिक चिंतनं १६६५ साली छापून आली. पुढे स्विफ्ट एका उमरावाच्या घरी धर्मगुरू असताना घरच्या बाईसाहेबांना ती वाचून दाखवायचा आणि कंटाळायचा. म्हणून एक दिवस त्याने स्वतःच लिहिलेलं झाडूच्या दांड्यावरचं चिंतन त्यात खपवलं: झाडू म्हणजे उलटं झालेलं झाड, आणि माणूस तरी दुसरं काय आहे, वगैरे. गंभीर आवाजात वाचलं आणि बाईसाहेब भारावून गेल्या, असा किस्सा सांगतात. ते लेखन १७१० मध्ये प्रसिद्धही झालं.

तेव्हा ‘कशातूनही काहीही काढता येतं’ हे तुमचं वाक्य मी खोडून काढणार नाही. काढता येतंच. प्रश्न असा की, काढलेलं खरं की खोटं हे तपासायला काही साधन आहे का? मला वाटतं, आहे.

मोबाइलवर फिरणारा तो संदेश घ्या: ‘प्रार्थना म्हणजे चार्जिंग. बॅटरी उतरली की देवाला जोडून घ्या.’ ऐकायला छान. पण चार्जर वापरतो कसा? बॅटरी भरली की वायर काढतो आणि आपल्या कामाला लागतो. पुन्हा उतरेपर्यंत चार्जरची आठवणही येत नाही. आता योहानाचा पंधरावा अध्याय उघडा. येशू म्हणतो, ‘मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात.’ फाटा भरून घेऊन निघून जात नाही. वेलापासून तुटला की वाळतो. म्हणजे तो संदेश हलका आहे म्हणून वाईट नाही, तो चुकीचं शिकवतो म्हणून वाईट आहे. आणि हे कळलं कशामुळे? वस्तू चालते कशी ते नीट पाहिलं आणि वचनाशेजारी ठेवून बघितलं म्हणून. दोन्ही केलं नाही की मग स्विफ्टचा झाडू हातात येतो, आणि झाडूऐवजी छत्री घातली तरी चिंतन तसंच चालू राहतं.

ओळंब्याचं तसं नव्हतं. गवंडी दोरीच्या वरच्या टोकाची पट्टी भिंतीला टेकवतो, खाली वजन सोडतो आणि थांबतो. वजन झुलत असतं तोवर काहीच सांगता येत नाही. ते स्थिर झालं की खालच्या फटीकडे बघतो. भिंत बाहेर आली असेल तर वजन तिला टेकून राहतं, आत गेली असेल तर मध्ये फट दिसते. ओळंबा भिंतीला ढकलत नाही, सरळ करत नाही, रागावत तर मुळीच नाही. आणि गवंडी तो भिंत पूर्ण झाल्यावर लावत नाही. चार थर चढले की लावतो, कारण माल ओला आहे तोवरच वीट हलवता येते.

हे शेवटचं मला आधी माहीत नव्हतं. लेख त्यातून निघाला. जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, परमेश्वर हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा आहे आणि म्हणतो, मी तो माझ्या लोकांमध्ये लावतो. तिथे माल सुकलेला आहे. म्हणून तो उतारा मला आता पूर्वीपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. यात गोड काय सापडलं ते तुम्हीच सांगा.

राहिला तुमचा दुसरा मुद्दा, की हे फक्त प्रभूने करावं. पण त्यानेच ऐकणाऱ्यांना रानातली भुकमळे, म्हणजे रानफुलं, कशी वाढतात ते लक्षात घ्यायला सांगितलं. नीतिसूत्रं आळशाला मुंगीकडे पाठवतात, तिथे तर ऐकणारा अगदीच साधा माणूस आहे. बघण्याची मनाई कुठे दिसत नाही. मनाई असलीच तर ‘अमुक वस्तू म्हणजे अमुक’ असा कोश करून ठेवण्याला असावी. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात खमीर म्हणजे स्वर्गाचं राज्य; सोळाव्यात तेच खमीर परूश्यांची शिकवण, आणि तिच्यापासून सावध राहायला सांगितलंय. ऑगस्टीनसारख्या थोर माणसानेही चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लुटारूंनी रस्त्यावर टाकलेल्या माणसाला एक परका उचलून उतारशाळेत नेतो, तो दाखला) उतारशाळा म्हणजे मंडळी आणि उतारशाळेचा मालक म्हणजे पौल, असं लावून दाखवलं. हुशारी आहे, पण त्यात रस्त्यावर पडलेला माणूस बाजूलाच राहतो.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्याहूनही कडक आहे. वस्तूंमधून शिकावं, दुसऱ्याच्या दुःखातून त्याच्यासाठी धडा काढू नये. कुणाच्या घरी आजारपण आलं की ‘देव यातून तुम्हाला काय शिकवतोय पाहा’ म्हणणारे आपल्या मंडळ्यांत कमी नाहीत. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं येशूने विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणाला. पश्चात्तापाची हाक दिली ती समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांना. मेलेल्यांच्या घरी जाऊन त्याने बुरुजाचा अर्थ सांगितला नाही.

वचन पातळ होतं या तक्रारीबद्दल एवढंच सुचवेन की आमोसाचा सातवा अध्याय ओळंब्यापाशी सोडू नका, पुढे वाचा. दहाव्या वचनापासून बेथेलचा याजक अमस्या येतो. तो राजाकडे तक्रार करतो की या माणसाचे शब्द देशाला सहन होत नाहीत, आणि आमोसाला बजावतो: यहूदात पळून जा, तिकडे भाकर खा, तिकडेच संदेश दे. ते वाचून पुन्हा लिहा. माझ्या लेखात त्या अमस्याबद्दल काहीच नव्हतं, आणि त्याच्याबद्दल तुमच्याशी बोलायला मला आवडेल.