नळाची सूंसूं आणि परभणीचे गुरुजी

नमस्कार गुरुजी,

आईचा नळ आणि वेळेचा अंदाज यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा रागच आला, खोटं कशाला सांगू. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो: 'वेळेच्या बाबतीत कान डोळ्याला भारी, हे तुमचं विधान चूक. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. आणि नळाच्या गोष्टीत शास्त्र कसलं? ती नुसती सवय. आमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी सुटेल हेच कळत नाही, अंदाज कसला बांधता?'

विजेचं आधी उरकतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तो वाटेतच रेंगाळला, त्यात कानाचा काय दोष? हाताच्या अंतरावर एकदा दिवा लावा, एकदा टिचकी वाजवा आणि माणसाला बटण दाबायला सांगा. टिचकीला तो साधारण 30-40 मिलिसेकंद लवकर दाबतो, कारण डोळ्याच्या पडद्यावरची रासायनिक प्रक्रिया कानापेक्षा सावकाश चालते. अर्थात हा झाला वेग. ठेका धरण्यातही तेच दिसतं: टकटक ऐकून लोक ताल जितका नेमका धरतात, तितका लुकलुकणारा दिवा बघून धरता येत नाही.

आता नळ. दिवसाबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. दिवस नगरपालिकेच्या हातात, तो आमच्या आईलाही कधी कळला नाही. तिला कळायचं ते त्याच्या पुढचं. पाणी यायच्या आधी तोटीतून हवा सुटते, सूंसूं. मग एक गुळणी, मग गढूळ धार. आई चुलीपाशी भाकरी थापत असायची. सूंसूं कानावर पडली तरी ती उठायची नाही. तव्यावरची भाकर पलटायची, शेकायची, हात पुसायची आणि हंडा घेऊन पोचायची तेव्हा गुळणी पडत असायची. इशारा कानाला, काम हाताला.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट वुड्रो यांनी 1914 मध्ये हेच मोजलं होतं. आधी तयारीचा इशारा, मग हात उचलायची खूण. दोन्हींतलं वेळेचं अंतर दर वेळी तेवढंच ठेवलं की माणूस चटकन हात उचलतो, अंतर बदलत ठेवलं की मंदावतो. आमच्या गल्लीत ते प्रत्यक्षच पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात दोन घरांनी नळाला थेट मोटारी जोडल्या. तेव्हापासून सूंसूं कधी लगेच संपते, कधी संपता संपत नाही. आई आता आवाज आला की सगळं टाकून तोटीपाशीच उभी राहते. भाकर करपते ती वेगळीच.

सवय म्हणालात, मान्य. पण सवय कशाची, ते तरी बघू. 1998 च्या एका प्रयोगात लोकांच्या हाताच्या कातडीवर ठरावीक वेळेच्या अंतराने दोन हलके ठोके देऊन सराव करून घेतला. त्यांना ते अंतर बारकाईने ओळखता येऊ लागलं, आणि तेवढंच अंतर आवाजातही ओळखता येऊ लागलं, जरी कानाचा सराव झाला नव्हता. वेगळ्या लांबीच्या अंतराला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. म्हणजे सवय कातडीची नव्हती, त्या नेमक्या अंतराची होती. 'नुसती सवय' म्हणून हे मला सोडून देता येत नाही.

आणि एक चूक, जी तुम्ही पकडली नाहीत, पण तुमच्यामुळे परत वाचायला बसलो तेव्हा सापडली. एका इंद्रियाने शिकलेली वेळ कुठल्याही दुसऱ्या इंद्रियाला आपोआप येते, असं मी ठोकून दिलं होतं. तसं नाही. 2012 च्या एका प्रयोगात कानाने केलेला सराव डोळ्याच्या कामी आला, डोळ्याने केलेला कानाच्या आला नाही. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलतो.

परवा पहाटे नळ आले तेव्हा आईला विचारलं, पूर्वी सूंसूंनंतर पाणी यायला किती वेळ लागायचा?

"एक भाकर."

आणि आता?

"आता काय, अर्धी बी होते, दोन बी होतात."