डाळ, दूध आणि मेनफ्रेम

एप्रिलमधली दुपार, सोलापूरचं ऊन, आणि आमची टीमची मीटिंग. मॅनेजरांनी विचारलं, "थ्रेशोल्ड अलार्म कोण लावून देतंय?" नेमकी त्याच क्षणी आमच्याकडची लाईट गेली. ती परत आली तेव्हा मिनिट्समध्ये माझं नाव लागलेलं होतं.

काम ऐकायला सोपं. इंग्लंडातल्या एका बँकेचा मेनफ्रेम, म्हणजे बँकेची सगळी कामं ओढणारा मोठा कॉम्प्युटर. त्याचा सीपीयू, मेमरी, मेमरी कमी पडली की वापरायची पेजिंगची जागा, स्पूल, जे जे भरतं त्या प्रत्येकासाठी एक आकडा ठरवायचा. आकडा ओलांडला की माझ्या फोनवर घंटी. मी सरसकट ८० टाकलं. ८० च का, ते विचारू नका. ७० टाकणारा घाबरट वाटतो, ९० टाकणारा बेफिकीर. ८० टाकणारा माणूस अनुभवी दिसतो.

लंडनच्या घड्याळात रात्रीचे दहा वाजले की तिथली रात्रीची कामं सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे अडीच. फोन वाजला. सीपीयू ८४. मी धडपडत उठून लॅपटॉप उघडेपर्यंत ७९. 'सर्व ठीक आहे' असा निरोप आला, त्याचीही घंटी. आडवा होतोय तोच ८१. मग ७८. मग ८२.

आमच्या गच्चीवरच्या टाकीला एक बोलणारा अलार्म आहे. टाकी भरली की एक बाई "कृपया मोटार बंद करा" असं विनवते. पाणी काठाशी हिंदकळायला लागलं की तिचं "कृपया मो... कृपया... कृपया मो" सुरू होतं. माझा मेनफ्रेम तेच करत होता, फक्त कृपया म्हणत नव्हता.

"का बे, रात्रभर टुंगटुंग काय लावलायस?" बाबांनी सकाळी विचारलं. बाबांची सगळी नोकरी गिरणीत गेली. दिवसाला ठरलेले भोंगे, त्यावर अख्ख्या पेठेची घड्याळं. यंत्र विनाकारण ओरडतं, हे त्यांना पटतच नाही. मी ८० टक्क्यांचं समजावलं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपली उजनी उणे ५० च्या खाली जाते, पावसाळ्यात १११ टक्के भरते. कधी ओरडली का?"

याला उत्तर नव्हतं. उजनी १०० टक्के भरली की ११७ टीएमसी पाणी असतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. टक्के मोजायचे ते फक्त त्याच्या वरच्या पाण्याचे, म्हणून आकडा उण्यात जातो. सोलापूरकराला टक्केवारीने घाबरवणं अवघड असतं, ते यामुळे.

दुपारी पुण्याच्या सिनियर सरांना फोन केला. ते आधी पोटभर हसले. म्हणाले, मेनफ्रेम १०० टक्क्यांवर आहे म्हणजे तो आजारी नाही, ड्युटीवर आहे. एवढं महागडं यंत्र रिकामं ठेवायला घेतलंय का कोणी? आत वर्कलोड मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो, तो महत्त्वाच्या कामाला आधी वाट देतो, बाकीची थांबतात. हे मला सोलापुरी भाषेत लगेच कळलं. गड्ड्याच्या यात्रेत गर्दी झाली म्हणून कोणी धावत सुटत नाही. मिरवणुकीतले नंदीध्वज पुढे सरकायचे थांबले तर धावतात.

(१९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टीम ३६० या मेनफ्रेमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम आजच्या मेनफ्रेमवरही चालू शकतात. हे बाबांना सांगितल्यापासून ते त्याच्याबद्दल जरा आदराने बोलतात.)

एवढं ज्ञान मिळाल्यावर शहाण्याने जे करू नये ते मी केलं. सगळीकडचे ८० पुसून ९५ टाकले आणि पहिल्यांदा गाढ झोपलो.

त्या रात्री कोणाचा तरी टेस्टचा जॉब गोल गोल फिरत राहिला आणि एकच ओळ स्पूलमध्ये लिहीत सुटला. स्पूल म्हणजे जॉबांचं आउटपुट छापेपर्यंत किंवा पुसेपर्यंत ठेवायची जागा. ती भरली की बाकीच्या जॉबांची पंगत उभीच राहते, पानं मांडायला जागा नाही. जॉबांची ने-आण बघणारा मेनफ्रेममधला प्रोग्रॅम, जेईएस-टू, बिचारा ८० टक्क्यांना स्वतःहून सांगतो, 'हॅस्प झिरो फिफ्टी' म्हणून त्याचा मेसेज पडतो. तो पडला. कन्सोलच्या पडद्यावर. मी ९५ ची वाट बघत घोरत होतो. उठलो तेव्हा १४ मिस्ड कॉल.

दिवसभर बोलणी खाल्ली आणि संध्याकाळी तोंड पाडून स्वयंपाकघरात बसलो. कुकरची एक शिट्टी झाली. आई लसूण सोलत होती, हललीसुद्धा नाही.

"आई, शिट्टी."

"एकच झालीय की. तीन होऊ दे."

शेजारच्या शेगडीवर दूध होतं. कडेला नुसती साय थरथरली आणि आई लसूण टाकून उठली. तिथे तिने काही मोजलं नाही.

मी तिथूनच लॅपटॉप आणला. सीपीयू म्हणजे डाळ. महत्त्वाची कामं अडून राहिली आणि लागोपाठ तीन वेळा तसंच दिसलं, तरच घंटी. स्पूल म्हणजे दूध. ८० ला पहिल्याच झटक्यात घंटी, आणि एकदा वाजली की ७० च्या खाली उतरेपर्यंत पुन्हा तोंड उघडायचं नाही. टाकीतल्या बाईलाही हे शिकवता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री अडीच वाजले, तीन वाजले. फोन गप्प. आता मला गप्प फोनची भीती वाटायला लागली. अलार्मच मेला नसेल ना? दर दहा मिनिटांनी स्क्रीन उजळून बघत होतो. एकदा स्वतःलाच टेस्ट मेसेज पाठवला. फोन खणखणीत वाजला, घरात कोणी कूससुद्धा बदलली नाही.

आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक. म्हणून आई रात्री नळ उघडाच ठेवते, खाली रिकामी पितळी घागर. पावणेचारला आतल्या खोलीतून आवाज आला.

"अरे ऊठ की, पाणी आलंय! जागाच होतास ना? ऐकू आलं नाही व्हय?"

मी जाऊन घागरीत डोकावलो. तळाशी चार-पाच थेंब होते.