कोंबडी पाळा, पण कोंबड्याचं काय करणार ते आधी सांगा

शहरात घरामागे कोंबड्या-शेळ्या पाळू द्याव्यात की नाही, हा वाद निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जागा आमची, अंगण आमचं, तुम्ही कोण विचारणार? दुसऱ्याला नुसत्या कल्पनेनंच वास यायला लागतो. मी स्वतः बरीच वर्षं कोंबड्या पाळल्यात, त्यामुळे मला न विचारताच पहिल्या तटात ढकललं जातं. आहेच मी परवानगीच्या बाजूची. पण आमच्या बाजूचे लोक एका गोष्टीबद्दल सोयीस्कर गप्प बसतात, म्हणून ही लांबण.

'शहर म्हटलं की जनावर नको' ही समजूत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या भर वस्तीत गोठे होते. 1865 साली आलेल्या बुळकांडीनं, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीनं, ते ओस पाडले आणि मग रेल्वेनं बाहेरून दूध यायला लागलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर डुकरं मोकाट हिंडायची. 1849 च्या कॉलऱ्यानंतर पोलिसांनी ती हजारोंनी शहराबाहेर हाकलली. आणि ज्यांनी जनावरं हाकलली तीच सरकारं अडचणीच्या वेळी लोकांना कोंबड्या पाळायला सांगत होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रेशनची अंडी सोडून दिली, तर त्याऐवजी कोंबड्यांसाठी खाद्य मिळत असे. तेव्हा हा काही सनातन प्रश्न नाही. गरज पडली की नियम वाकतो, गरज सरली की ताठ होतो.

आता वासाचं. कोंबडीला वास येत नाही, ओल्या विष्ठेला येतो. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते आणि साधारण तेवढ्याच वजनाची ओली घाण टाकते. खुराड्यात लाकडाचा भुसा किंवा तूस जाड थरानं पसरलं आणि दर दोन दिवसांनी खालीवर केलं, तर ती त्यातच सुकते आणि हळूहळू कुजते. मूठभर भुसा उचलून दाबायचा. मूठ उघडल्यावर तो भुरभुर सुटला तर ठीक. गोळा होऊन राहिला तर ओल धरलीय, आणि दोन दिवसांत अमोनियाचा असा दर्प सुटतो की डोळ्यांना पाणी येतं. शेजाऱ्याच्या आधी ते कोंबडीच्या फुफ्फुसाला बाधतं. पाण्याचं भांडं तिरकं ठेवलेलं असतं आणि सगळं खापर कोंबडीवर फुटतं, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय.

उंदरांचंही तसंच. उंदीर कोंबडीसाठी येत नाही, रात्री उघड्या राहिलेल्या दाण्यांसाठी येतो. शिवाय बाजारात 'कोंबडीची जाळी' म्हणून मिळते ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश लागते आणि ती जमिनीतही वीतभर पुरावी लागते, नाहीतर घूस खालून बोगदा काढते.

म्हणजे वास आणि उंदीर हे मेहनतीनं सुटणारे प्रश्न आहेत. मेहनतीनं न सुटणारा एक प्रश्न आहे, तो म्हणजे नर.

अंडी उबवली की निम्मी पिल्लं नर निघतात, यात कुणाचं काही चालत नाही. 'मुलांना पिल्लं बघायची होती' म्हणून सहा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली की चार-पाच महिन्यांनी घरात दोन-तीन कोंबडे आरवायला लागतात. अनेक शहरांत कोंबड्याला बंदी असते, न्यूयॉर्कमध्येही कोंबडी चालते पण कोंबडा नाही, आणि ते योग्यच आहे. कोंबडा नुसता सूर्य बघूनच आरवतो असं नाही. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की सतत अंधुक उजेडात ठेवलेला कोंबडाही पहाटेच्या अंदाजानं आरवतो, घड्याळ त्याच्या अंगातच असतं. तेव्हा खुराड्याला काळं कापड लावून फार काही साधत नाही. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला आणि 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला, हे मला लोक मोठ्या हौसेनं ऐकवतात. पुढे 2021 मध्ये तिथे कायदाही झाला. पण तो खेड्यापाड्यातले आवाज आणि वास जपण्यासाठी. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांसाठी नव्हे.

मग त्या नराचं काय होतं? कुणी रात्री गावाबाहेर सोडून येतो. कुणी प्राण्यांच्या निवाऱ्यापुढे ठेवून पळतो. कापून खाणारा मला त्यातला त्यात प्रामाणिक वाटतो, हे काहींना खटकेल. 'आम्ही तलंगाच (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणतो, पिल्लं काढतच नाही' असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्या तलंगांचे भाऊ हॅचरीत पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीनं 1 जानेवारी 2022 पासून त्यावर बंदी घातली, तेव्हा कुठे हा विषय चारचौघांत आला. मादी आणल्यानं प्रश्न सुटत नाही, फक्त आपल्या अंगणाबाहेर जातो.

दुसरं, म्हातारपण. अंड्यांसाठी तयार केलेली कोंबडी पाचव्या महिन्याच्या आसपास अंडी द्यायला लागते, पहिली दोन वर्षं भरपूर देते, मग उतरणीला लागते. जगते मात्र सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. पालिकेनं चार पक्ष्यांची परवानगी दिलीय आणि चारही म्हाताऱ्या झाल्या. आता? ज्यांनी त्यांना लाडाची नावं दिलीत त्यांच्या हातून सुरी चालत नाही, आणि नुसतं खाऊ घालायचं तर नवीन आणायला जागा नाही. मी शेवटपर्यंत सांभाळल्या, पण तो माझा हट्ट. तसा नियम सगळ्यांवर लादावा असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की उत्तर आधी ठरलेलं असावं.

शेळीबाबत मी जास्त कडक आहे. शेळी एकटी राहत नाही, ओरडून ओरडून गल्ली डोक्यावर घेते, म्हणजे निदान दोन हव्यात. दूध हवं तर ती व्यायला हवी. पाच महिने गाभण, मग एक-दोन करडं, त्यातला बोकड कुठे जाणार? माजावर आलेली शेळी दर तीन आठवड्यांनी काय गोंधळ घालते ते ऐकलेला माणूस 'गोंडस' हा शब्द पुन्हा वापरत नाही. सिएटलनं 2007 मध्ये छोट्या जातीच्या शेळ्यांना मुभा दिली, पण शिंगं काढलेल्या, आणि नर असेल तर खच्ची केलेला. विचार करून केलेला नियम आहे. तरी करडांचा प्रश्न त्यातही उरतोच. मोठं आवार असेल तर बघू, नाहीतर नको. गाय-म्हैस तर विषयच नाही.

रोगराईचा मुद्दा घाबरवायला म्हणून वापरू नये, पण झटकूही नये. 1997 मध्ये हाँगकाँगमध्ये एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूनं अठरा माणसं आजारी पडली, सहा गेली आणि तिथल्या साऱ्या कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. म्हणून नोंदणी हवी. ब्रिटनमध्ये 2024 पासून एक कोंबडी असली तरी नोंदवावी लागते, कारण साथ आली तर पक्षी कुठे कुठे आहेत हे तरी कळावं. हात धुणं, लहान मुलांना पक्ष्यांचे मुके घेऊ न देणं हे साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूपासून वाचण्यासाठी. आणि एक सहसा कुणाच्या ध्यानात न येणारी गोष्ट: जुन्या वस्तीतल्या मातीत पूर्वीच्या रंगांचं आणि पेट्रोलचं शिसं साचलेलं असतं. कोंबडी दिवसभर तीच माती उकरते आणि ते शिसं अंड्यात उतरतं. घरचं अंडं म्हणजे शुद्धच, असं नाही. आधी माती तपासा.

तेव्हा परवानगी द्या, पण अर्जात पक्ष्यांची संख्या विचारून थांबू नका. नर निघाला तर काय करणार, अंडी थांबली की काय करणार, आजारी पडली तर कोणता डॉक्टर बघणार, हे लिहून घ्या. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली असतात, कोंबडी बघणारा शहरात शोधावा लागतो. निम्मे हौशी लोक इथेच गळतील, आणि गळलेले बरे.

शेजाऱ्यांची लेखी संमती घ्या ही अट मात्र मला मान्य नाही. रात्री दोनला भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी ती कुणी मागत नाही. शिवाय पार्किंगवरून बिनसलेला शेजारी कोंबडीवर राग काढणार हे ठरलेलं. तक्रार आली तर पालिकेच्या माणसानं येऊन तीन गोष्टी बघाव्यात: भुसा ओला आहे का, दाणे उघडे आहेत का, कोंबडा आहे का. तिन्ही नसतील तर तक्रार तिथेच निकालात काढावी.